जोडप्याची सफर आणि भूमचा कोयता

(भूम येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



युरोपात उन्हाळ्याच्या दिवसांत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवरून प्रवास करणारी जोडपी सर्रास दिसतात. तंबू व चार कपडे बरोबर घेऊन ती देशोदेशीच्या सीमा ओलांडतात. आपल्याकडील सुशिक्षित पती-पत्नीही आता अशा सफरींना जातात. ही सुखवस्तूंची चैन, तिच्याशी श्रमिकांच्या चळवळीचा काय संबंध, असे आपणांपैकी कित्येकांना वाटेल. इतिहास मात्र निराळे सांगतो.

इंग्लंडात १८९४ साली बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी सायकल-मंडळ काढले व त्याला ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाचे नाव दिले. सुटीच्या दिवशी सहलीला निघावे आणि वाटेतील खेड्यांतून विचारप्रसारही करावा, असा त्यांचा क्रम असे. फ्रान्समध्ये १९३६च्या मे-जूनमध्ये कामगारांनी संप करून कारखान्यांतच ठाण मांडले. त्या एकाच लढ्यातून त्यांनी सात ते पंधरा टक्के मजुरीवाढ आणि वर्षाला पंधरा दिवसांची पगारी रजा मिळवली. लेआँ ब्लूम यांच्या सरकारने २० जून रोजी रजेचा कायदा केला. लेओ लाग्रांज यांनी रेल्वेची सवलतीची तिकिटे मिळवून दिली. त्याच उन्हाळ्यात तरुण कामगार जोडपी दोघांनी मिळून चालवायच्या सायकलींवर बसून समुद्राकडे निघाली. त्यांतील अनेकांनी समुद्र प्रथमच पाहिला.

भूम तालुक्यातूनही जोडपी दरसाल प्रवासास निघतात. दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, म्हणजे दोन माणसांचे मिळून एक अवजार! उचल आधीच घेतलेली असते, आणि आजारपणात एक दिवस गेला तरी खाडा लागतो. पाच-सहा महिने परमुलखात काढून परतणाऱ्या या जोडप्याने तेथे काय पाहिलेले असते? उसाचा फड आणि आपली कोपी.

१९४८च्या कारखाना कायद्याने २०२५पर्यंत वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगारास वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. ऊसतोड्याचे काम चालते फडात, तेही मुकादमाच्या हाताखाली. आणि हंगाम २४० दिवस चालत नाही. त्यामुळे हा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

पोटाची भ्रांत असताना रजा कसली मागता, असे कोणी म्हणेल. फ्रान्सचे कामगारही सुखवस्तू नव्हते. त्यांनी भाकरी आणि विश्रांती यांची फारकत होऊ दिली नाही, इतकेच. म्हणून तोडणीदराच्या पुढील करारात दरवाढीबरोबरच तीन मागण्या आल्या पाहिजेत: आठवड्यातून एक दिवस खाड्याविना सुटी, हंगामाच्या प्रमाणात पगारी रजा, आणि स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या नावे. यासाठी गावोगाव कोयत्यांच्या बैठका आतापासून घ्या, आणि त्या बैठकांना नवऱ्याबरोबर बायकोलाही बोलवा.