जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातला आवाज

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भैरवगढ, उज्जैन येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानांत इतिहास, आरोग्य आणि संतवाङ्मय यांच्या पंगतीला मोटारसायकलच्या इंजिनालाही पान मांडलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु आपल्या समाजातील कित्येक घरांच्या ओसरीत वडिलांची किंवा आजोबांची बुलेट, जावा, नाही तर राजदूत अजून ताडपत्रीखाली उभी आहे. नातवंडांना ती चालवण्याची हौस आहे, आणि पहिली किक बसून इंजिन सुरू झाले की घरात एकच प्रश्न निघतो: ‘हा आवाज कसला?’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत सांगावी, एवढाच आजचा हेतू आहे.

या गाड्यांचे कुळ थोडक्यात सांगतो. १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मूळची इंग्लंडातली बुलेट इथली झाली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा आणि पुढे येझ्दी बाहेर पडू लागल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची. या सर्वांतील पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आता कायद्यानेही मान मिळाला आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. म्हणजे गाडीचे मोल तिच्या मूळपणात आहे. उगाच उघडलेले इंजिन, हरवलेला मूळ भाग, त्याजागी बसवलेला भलताच तुकडा, हे नुकसान पैशाने भरून निघत नाही.

आवाज ऐकून माणसे दोन टोकांना जातात. एक जण जराशी टिकटिक ऐकताच इंजिन सोडवायला देतो. दुसरा खोल ठोका ऐकूनही ‘जुनी गाडी आहे, वाजणारच’ म्हणत इंदूरची वाट धरतो. पहिल्याचे पैसे जातात. दुसऱ्याचा कनेक्टिंग रॉड भर रस्त्यात तुटला तर इंजिन जाम होते, मागचे चाक जागच्या जागी धरले जाते आणि जिवावर बेतते. म्हणून आज एकच गोष्ट पदरात बांधून न्यावी: कान पुरते वापरल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

आपण बसलो आहोत ते भैरवगढ छिपा कारागिरांचे गाव आहे. ठप्प्याच्या छपाईत आधी बाह्यरेषेचा ठप्पा पडतो आणि मग त्या रेषेच्या आत रंग भरला जातो. इंजिनाच्या परीक्षेतही हाच क्रम धरावा. बाह्यरेषा काढायची ती तीन प्रश्नांनी. आवाज केव्हा येतो: इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, रिकामे चालताना की ओझे ओढताना? आवाज किती जलद आहे? आणि कुठून येतो?

दुसऱ्या प्रश्नाचे मर्म समजून घ्या. बुलेटचे इंजिन चार स्ट्रोकचे आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. मिनिटाला हजार फेरे होत असतील तर टॅपेटचा आवाज पाचशे वेळा येईल. तेव्हा इंजिनाच्या वेगाच्या निम्म्या गतीची हलकी टिकटिक वरच्या अंगाला ऐकू आली, तर संशय प्रथम टॅपेटवर घ्यावा. क्रँक प्रत्येक फेऱ्याला फिरतो, म्हणून खालच्या अंगाचा दोष सहसा जलद आणि जड वाजतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यावा, ज्याला आपल्या माळव्यात पेचकस म्हणतात. त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवावे आणि मूठ कानाच्या हाडाला लावावी. डॉक्टरच्या नळीचेच हे गरीब भावंड. धातूतून आवाज दूरवर पसरतो, म्हणून एका जागी ऐकून निकाल देऊ नये. हेड, सिलिंडर, उजवीकडचे टायमिंग कव्हर, डावीकडचे चेनकव्हर, अशा चारपाच जागा ऐकून कोठे तो सर्वांत स्पष्ट आहे ते ताडावे. हे काम उघड्यावर करावे. बंद खोलीतला धूर प्राणघातक असतो. उपरणे, ओढणी, सैल बाही चेनजवळ नेऊ नये.

आता रंग भरू. थंड इंजिनात पोकळ टकटक येते आणि इंजिन तापल्यावर ती मावळते, हे पिस्टनचे वाजणे. तापलेला पिस्टन फुगतो आणि फट कमी होते. त्याची तूर्त चिंता नको. टिकटिक टॅपेटची वाटली, तर आधी सायलेन्सरचा पाइप हेडला मिळतो तो सांधा पाहावा. तेथे काजळीची रेघ असेल तर धूर निसटतो आहे. तो आवाज टॅपेटसारखाच असतो. मडगार्ड, फूटरेस्ट आणि चेनगार्ड हाताने हलवून पाहावे. सैल नटाने कित्येक निरोगी इंजिने उघडायला लावली आहेत.

डावीकडे अनियमित खडखड असेल तर प्रायमरी चेन सैल असावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबा. आवाज गेला किंवा बदलला, तर शोध क्लच आणि गिअरबॉक्सकडे वळवावा. इंदूरपुढच्या मानपूर घाटासारख्या चढावर, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर तो ठिणगी लवकर पडण्याचा किंवा आत कार्बन साठल्याचा समजावा. लगेच गिअर खाली आणावा आणि घरी येऊन टायमिंग तपासावे. असेच ओढत राहिल्यास पिस्टन जळतो.

आणि ज्या आवाजाला भ्यायचे, तो हा: क्रँककेसच्या खोलातून येणारा जड ठोका, ओझे पडताच वाढणारा. तो बिग एंडचा. फूटरेस्टमधून पायाला जाणवणारी घरघर असेल तर मुख्य बेअरिंगे झिजली असावीत. अशा वेळी इंजिन तेथेच बंद करावे, तेल पाहावे आणि गाडी टेम्पोत घालून आणावी. त्या भाड्याचा हिशेब नव्या क्रँकच्या खर्चाशी करून पाहा.

एक इशारा देऊन ठेवतो. टॅपेट मुळीच वाजू नयेत म्हणून काही जण ते आवळतात. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि व्हॉल्व्ह जळतो. बुलेटचे टॅपेट इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या शिखरावर आणून लावायचे. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. म्हणजे थोडी टिकटिक हे आरोग्य, आणि जुन्या इंजिनाची अचानक शांतता हा कधी कधी रोग.

जावा, येझ्दी आणि राजदूत ही दोन स्ट्रोकची कुळे. त्यांना व्हॉल्व्हच नाहीत, मग टॅपेट कोठून वाजणार? कोणी येझ्दीचे टॅपेट लावून देतो म्हणाला, तर नमस्कार करून निघावे. या इंजिनाचे आतले भाग पेट्रोलात मिसळलेल्या तेलावरच जगतात. ठोका आला की मिश्रण पुस्तिकेप्रमाणे होते का, हे आधी विचारावे.

शेवटी महोत्सवी न्यासाकडे एक मागणे. नुसत्या कानाने इंजिन ओळखणारे जुने मिस्त्री आता थकत चालले आहेत. नव्या गाड्यांना संगणक जोडून दोष वाचता येतो, त्यामुळे हे कान पुढच्या पिढीत आपोआप तयार होणार नाहीत. न्यासाने शिष्यवृत्त्या द्याव्यातच. त्याबरोबर महिन्यातील एखादा रविवार अशा मिस्त्रींना सन्मानाने, मानधन देऊन बोलवावे आणि चार मुले त्यांच्याजवळ बसवावीत. घरोघरी गाडीची एक वही ठेवावी आणि आवाज केव्हा आला, तेल केव्हा बदलले ते तीत लिहावे. वडिलांनी गाडी ठेवली, तिचा आवाज ओळखण्याची विद्याही मुलांच्या हाती पडावी, एवढी इच्छा आहे.