प्रश्नपत्रिकेबाहेरची परीक्षा

महाराष्ट्राची अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राची प्रवेशपरीक्षा, एमएचटी-सीईटी, २०१९ पासून संगणकावर होते. भौतिकशास्त्राच्या प्रश्नांआड तींत दुसरीच एक परीक्षा दडलेली असते: पडद्यावर वाचण्याची, माऊस हाताळण्याची. अमरावती शहरांतील मुलास ती जाणवतहि नाहीं. मेळघाटांतील धारणीच्या कोरकू मुलीस मात्र घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि यंत्राची ही तिसरी. एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम राज्यांत २००१ पासून आहे. पण तेथें आधीं शिकवितात, मग परीक्षा घेतात. येथें शिकविण्याची पायरीच गाळलेली! सराव-चाचणी संकेतस्थळावर मिळते खरी. पण माऊस हाताळण्याच्या सरावास पुन्हां संगणकच हवा. बारावीच्या वर्षीं आठवड्यांतून दोन तास तरी धारणींतच संगणकापुढें बसावयास मिळावें, ही तरतूद प्रवेशाच्या नियमांतच असावयास हवी.