पडद्यावरील एका शब्दाची किंमत

बागेतील रबरी नळ्या एकमेकींना जोडाव्यात तसा एका आज्ञावलीतून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसरीत सोडावा, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडली. १९७३ मध्ये केन टॉम्प्सन यांनी ती युनिक्स या संगणकप्रणालीत उतरविली. आज्ञावल्यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ साधा मजकूर. युनिक्सचे सामर्थ्य यातच होते, आणि तिचे एक जुने दुखणेही येथूनच सुरू झाले.

'आयएफकॉन्फिग' या आज्ञेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जाळ्याला जोडलेल्या यंत्राचा पत्ता ती सांगते. लिनक्स प्रणालीवर तिच्या उत्तरात अनेक वर्षे 'इनेट अॅड्र' हे शब्द, त्यापुढे विसर्गासारखे दोन बिंदू आणि लगेच पत्ता, असा क्रम असे. यंत्रांची देखभाल करणाऱ्यांनी त्यावर विसंबून लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या : हे शब्द असलेली ओळ शोधावी, बिंदूंपाशी ती तोडावी, पुढचा तुकडा उचलावा. नव्या आवृत्तीत 'अॅड्र' आणि ते बिंदू गाळण्यात आले. २०१७ साली डेबियनच्या नवव्या आवृत्तीतही हे नवे रूप आले. वाचणाऱ्या माणसाला त्यात काहीच अडचण नव्हती. शोधणाऱ्या आज्ञावलीला मात्र ती ओळ सापडेना. ती तेथेच थांबली असती तर बरे झाले असते. परंतु नळीच्या मधल्या भागातील अपयश बहुधा शेवटपर्यंत पोहोचत नाही. शेवटच्या आज्ञेला काही मिळाले नाही, तिने काही दिले नाही, आणि काम यथासांग पार पडल्याची नोंद झाली! पत्त्याच्या जागी रिकामी जागा घेऊन पुढील कामे चालू राहिली. अशा वेळी बिघाड शोधणारा मनुष्य जाळ्याच्या तारा तपासत बसतो. गाळलेल्या एका शब्दाकडे त्याचे लक्ष जाणार कसे?

आवृत्ती न बदलताही असे घडे. यंत्राची भाषा जर्मन ठेवली की तीच आज्ञा 'इनेट अड्रेसे' असे लिही. भाषांतरकाराने आपले काम चोख केलेले असे, आणि आज्ञावली मोडलेली असे. म्हणून जाणकार मंडळी अशी आज्ञा चालविण्यापूर्वी भाषा मुद्दाम मूळ स्थितीत आणून ठेवतात.

दोष कोणाचा? आपले उत्तर कोण कोण वाचतो हे आज्ञा सुधारणाऱ्याला कळणे शक्य नव्हते, आणि वाचणाऱ्याला स्थिरतेचे वचन कोणी दिलेले नव्हते. तरी मोठा वाटा पहिल्याकडेच जातो, कारण दुसरी वाट त्याने खुली ठेवली नाही. 'गिट' या साधनाने ती ठेवली : त्याच्या 'स्टेटस' आज्ञेला 'पोर्सेलिन' हा शब्द जोडला, की मिळणारे उत्तर आवृत्तीगणिक बदलणार नाही, असे माहितीपुस्तिकेतच नमूद आहे.

२०१६ साली फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस' या आज्ञेच्या ग्नू आवृत्तीने, नावात मोकळी जागा असल्यास त्याभोवती अवतरणचिन्हे घालण्यास प्रारंभ केला. पण उत्तर पडद्यावर जात असेल तेव्हाच. नळीतून दुसऱ्या आज्ञावलीकडे जाणारे उत्तर पूर्वीसारखेच राहिले. या वेळी तक्रारी आल्या त्या पडद्यापुढे बसलेल्या माणसांकडून.