संतापाची किंमत कोणी मोजायची?

(नारायण पेठेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘प्रसारमाध्यमे आणि समाजातील क्षोभ’ असा छापला आहे. एका दैनिकाच्या संपादकीय विभागात मी पुष्कळ वर्षे रात्रपाळी केली. त्यामुळे या विषयावर बोलताना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे की आरोपीच्या, असा मला प्रश्न पडतो. दोन्हीकडे थोडे थोडे उभे राहतो.

‘राज्यभर संतापाची लाट’ हा मथळा आपण शेकडो वेळा वाचला असेल. तो कसा जन्माला येतो ते सांगतो. रात्री साडेदहाला तालुक्याच्या गावाहून वार्ताहराचा दूरध्वनी येतो. पुतळ्याची विटंबना झाल्याचे कानावर आले आहे, बाजारपेठ बंद होत आहे. बारा वाजता पान सोडायचे असते. पडताळून पाहायला वेळ नसतो. आठ कॉलमी मथळ्याला मात्र जागा असते. बातमी एका गावाची आणि संताप राज्याचा! सकाळी तो मथळा वाचून लोक खरोखरच रस्त्यावर येतात आणि तिसऱ्या दिवशी आम्ही छापतो, ‘तीव्र पडसाद’. असा एक मथळा माझ्या हातचा आहे. चार दिवसांनी कळले की वादळात झाडाची फांदी पडून पुतळ्याचा हात तुटला होता. तोवर दोन एस.टी. गाड्यांच्या काचा फुटल्या होत्या आणि एका चालकाच्या डोळ्याला इजा झाली होती. खुलासा आम्ही छापला. पाचव्या पानावर, तीन ओळींत. त्या चालकाला भेटायला आमच्यापैकी कोणीही गेले नाही. मीही गेलो नाही.

हे बोलण्यास नारायण पेठेसारखी दुसरी जागा नाही. १९०५ साली लोकमान्यांनी घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजेच आपला केसरीवाडा, याच पेठेत आहे. समाजाचा क्षोभ जागविणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच आहे, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकविले त्यांची ही वास्तू. म्हणून मी ‘संताप वाईट’ असे म्हणणार नाही. अन्यायाची चीड येत नाही असा समाज शांत नव्हे, निर्जीव असतो. माझा प्रश्न निराळा आहे. संताप जागविणारा त्याची किंमत मोजतो, की दुसऱ्याला मोजायला लावतो?

‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. वर्ष उलटते न उलटते तोच कोल्हापूरचे प्रकरण उभे राहिले. चौथे शिवाजी महाराज हे तरुण छत्रपती वेडसर ठरविले गेले होते आणि देखरेखीच्या नावाखाली त्यांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यात येत होत्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठविली. लोक खवळले. आधार होता काही पत्रांचा. ती बर्व्यांचीच असल्याचे सांगण्यात आले होते. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी क्षमा मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिले.

या प्रकरणाचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. १८८३ च्या अखेरीस अहमदनगर येथे एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. म्हणजे मूळ काळजी निराधार नव्हती! व्यथा खरी होती, कागद खोटे होते. आणि खोट्या कागदांनी खऱ्या व्यथेचाच खटला दुबळा केला. खरे दुःख मांडणाऱ्यानेच पुराव्याच्या बाबतीत अधिक कठोर असावे लागते, ते यासाठी.

पुढे १८९७ चा प्लेग आला. घरोघर गोऱ्या सोजिरांची झडती सुरू झाली. अनेक प्रतिष्ठित गाव सोडून गेले. टिळक पुण्यातच राहिले. रोगप्रतिबंधाचे उपाय हवेतच, असे त्यांनी आरंभी लिहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालविण्यात ते पुढे होते, आणि अतिरेक दिसू लागल्यावर त्यांनी लेखणी तापविली. ज्या गल्लीविषयी ते लिहीत, त्या गल्लीत ते पायी जात होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी पुण्यातील ब्राह्मणांवर आणि ‘केसरी’वर जी आगपाखड केली, तीही संताप पेटविणारी पत्रकारिताच होती, फरक एवढाच, की तिच्यासाठी तिच्या संपादकांपैकी कोणीही तुरुंगात गेले नाही. १४ सप्टेंबर रोजी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पंचांतील सहा युरोपियनांनी ‘दोषी’ म्हटले, तीन हिंदी पंचांनी ‘निर्दोष’.

त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तेथील ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रात सोजिरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराचा आरोप केला. पत्रे लिहिणारे मित्र नाव पुढे करू देईनात, पुरावा मिळेना. परतल्यावर ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्याने त्यांची अतोनात हेटाळणी केली. मला मात्र वाटते की त्या माफीला जे धैर्य लागले, ते आरोपाला लागले नव्हते. आणि ज्यांनी ती पत्रे धाडली, ते मात्र आपल्या घरी सुरक्षित बसून राहिले. आजचा ‘फॉरवर्ड’ करणारा मला तेथे दिसतो.

दूरचित्रवाणीविषयी फार बोलत नाही. २०२० साली देशभरात सुमारे ४४ हजार घरांत बसविलेल्या मापकांवरून वाहिन्यांचे मानांकन ठरत असे आणि त्यावर जाहिरातींचा पैसा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गैरप्रकारांच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक मानांकनच स्थगित झाले. ते पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडले. शांतपणे बोलणाऱ्यापेक्षा ओरडणाऱ्यापाशी प्रेक्षक थांबतो, हे कळल्यावर सूत्रसंचालक ओरडणारच. टिळकांना संताप तुरुंगात घेऊन गेला. यांना तो पगारवाढ देतो.

किंमत मग कोण मोजतो? १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश भ्रमणध्वनीवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार भिक्षा मागणारी, आपल्या ओव्या-गाण्यांनी गावाची सकाळ करणारी ही माणसे. त्यांना मारणारेही गरीब, वनवासी. संदेश तयार करणारा यांपैकी कोणालाच ओळखत नव्हता.

दोन वर्षे होण्याआधीच, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तेच घडले. टाळेबंदीत सुरतेकडे अंत्यविधीला निघालेले दोन संन्यासी आणि त्यांचा वाहनचालक पोलिसांदेखत मारले गेले. त्याही परिसरात चोर आणि मुले पळविणाऱ्यांच्या अफवा होत्या. आपल्याला आलेला संताप सर्वथा न्याय्य होता. पोलीस काय करीत होते, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. पण बंधूंनो, त्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांनी मारेकऱ्यांच्या धर्माविषयी जे पसरविले, ते खोटे निघाले. अटक झालेल्या १०१ जणांची यादी गृहमंत्र्यांनी जाहीर केली, त्यात एकही मुसलमान नव्हता. अफवेने मारल्या गेलेल्या संन्याशांना आपण दुसऱ्या अफवेने श्रद्धांजली वाहिली.

‘आपल्यापैकी’ म्हणालो, त्यात मी आहे. आमच्या कुटुंबाच्या गटावर ती चित्रफीत मीच टाकली होती. आयुष्यभर बातम्या तपासणारा मी! यादी जाहीर झाली त्या रात्री मी लिहिले, ‘परवा पाठविलेला मजकूर चुकीचा होता, तो माझा दोष, कृपया पुढे पाठवू नये.’ चित्रफितीखाली सदतीस प्रतिक्रिया आल्या होत्या. दुरुस्तीखाली दोन. एक होती माझ्या वाईच्या आत्याबाईंची, वय वर्षे ८१. त्यांनी लिहिले होते, ‘अरे, मी तो आमच्या भजनी मंडळात पाठवून बसले. आता त्या बारा जणींना एकेक फोन करते.’ आणि त्यांनी तसे केले. दोन दिवस लागले.