काटकसरीची तिसरी पिन
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळी नागपूरहून येताना केळझरच्या गणपतीची टेकडी दिसली आणि वाटलं, घरी आले. मला सांगितलंय, 'तू इंजिनिअर आहेस, कॉम्प्युटरवर बोल.' पण मी बोलणार आहे आपल्या घरच्या कूलरवर. कारण माझं पहिलं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे आमचं अंगण, आणि पहिली मास्तरीण माझी आई.

आपल्याकडे कुठल्या घरी काही फेकलं जायचं? सुती लुगडं आधी नेसायचं, मग त्याची गोधडी, मग पुसणं. तेलाच्या डब्यात तुळस, पऱ्हाट्या चुलीत. शाळेच्या सहलीत आपण सेवाग्रामची बापू कुटी पाहिली. माती, बांबू, कवेलू. 1936 साली गांधीजी सेवाग्रामात राहायला आले. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं. जवळ आहे त्यातून नीट जगणं, हा आपल्या जिल्ह्याचा जुना विषय. तेव्हा मात्र आपलं सगळं लक्ष डब्यातल्या चिवड्याकडे होतं!

मार्च संपत आला की आमच्या घरी कूलर बाहेर निघायचा. आई वाळ्याच्या ताट्या सोडायची, क्षार झटकायची, चांगला वाळा पुन्हा भरायची. पाण्याच्या नळीची बुजलेली भोकं सुईनं मोकळी करणं माझं काम. टाकीला आतून डांबर लावणं बाबांचं. समोरची खिडकी उघडी ठेव, दमट हवा बाहेर गेली नाही तर गारवा येत नाही, हे आईनं मला सांगितलं. त्यामागचं बाष्पीभवन नंतर पुस्तकात भेटलं.

पण एक गोष्ट आज सांगते, जी आम्ही घराबाहेर फारशी बोललो नाही. आपल्या दहावीच्या सुट्टीत कूलरची तीन पिनांची प्लग फुटली. घरात दोन पिनांची जुनी पडली होती. ती लावली. 'पंखा फिरतो, पंप चालतो, तिसरी पिन कशाला?' वायरच्या जोडावर चिकटपट्टीऐवजी दुधाच्या पिशवीची पट्टी बांधली. पैसे वाचले, म्हणून आम्ही खूश.

आठवड्याभरात धाकटा भाऊ अनवाणी पायानं टाकीत पाणी ओतायला गेला आणि पत्र्याला चिकटला. ओरडताही येईना. आई त्याच्याकडे धावली नाही. ती मेन स्विचकडे धावली. म्हणून तो वाचला. तळहातावरचा डाग अजून आहे.

त्या रात्री कोणी जेवलं नाही. आई एवढंच म्हणाली, 'माणूस वाचला तं पैसा वाचला.' दुसऱ्या दिवशी बाबांनी वायरमनला आणलं. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं, नवी तीन पिनांची वायर आली.

ती जाडी, लांब पिन वरवर काहीच काम करत नाही. पत्र्यात उतरलेली वीज जमिनीकडे न्यायला ती असते. ज्या दिवशी लागते, त्या दिवशी दुसरं काही चालत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं हेच पाहतेय. 'आत्ता कुठे लागतंय' म्हणून जे वगळतात, तेच एक दिवस गळ्याशी येतं.

पुण्यात माझ्या घरी मिक्सरचं बटण, नळाचा वायसर, पडद्यांची शिलाई मी आणि लेक मिळून करतो. तिच्या हातात पक्कड मी मुद्दाम देते. काटकसर म्हणजे स्वस्तातलं घेणं नव्हे, आपली वस्तू आतून ओळखणं. जी ओळखते तिला कळतं, कुठे चिंधी चालेल आणि कुठे नाही.

म्हणून एक विनंती. या उन्हाळ्यात कूलर लावण्याआधी पिना मोजा. पाणी भरताना प्लग काढा, पायात चप्पल घाला. ताट्या घरी भरा, पण अर्थिंग वायरमनकडूनच तपासून घ्या. गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही त्याच्याकडूनच बसवा. एका बऱ्या साडीच्या किमतीत तो येतो. एक साडी कमी घेऊ!

आणि दरवर्षी मार्चमधल्या एका रविवारी आपण शाळेत जमू या. पोरापोरींना जुनी वस्तू उघडून दाखवू, बंद कशी करायची तेही शिकवू. पक्कड मी आणते, चिवडा तुम्ही आणा.