काल्पनिक रणभूमीची आखणी



गाव वसविताना रस्ता कोठून न्यावा, पाणवठा कोठे असावा आणि चावडी कोणत्या जागी बांधावी हे ज्याने ठरविले, त्याने त्या गावातील माणसांच्या नित्याच्या भेटीगाठीही बऱ्याच अंशी ठरविल्या, असे म्हणावयास हरकत नाही. अनेक खेळाडूंनी एकाच वेळी संगणकावर किंवा मोबाईलवर खेळावयाच्या युद्धखेळांनाही हीच गोष्ट लागू पडते. अशा खेळातील रणभूमीला खेळाडू ‘मॅप’, म्हणजेच नकाशा, म्हणतात. हा नकाशा कागदावरील सपाट आकृती नसतो. भिंती, दारे, जिने, गल्ल्या आणि चौक यांनी उभी केलेली ती एक संपूर्ण वसाहत असते. घरात किंवा शाळेच्या आवारात मुले हे खेळ खेळत असता वडीलधाऱ्यांच्या कानी बंदुकांचे आवाज तेवढे पडतात. परंतु खेळ न्याय्य होतो की नाही, हे मुख्यतः भूमीची आखणी ठरविते, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या आखणीचे एक सुप्रसिद्ध उदाहरण ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात आढळते. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या आधीच्या खेळात फेरफार करून १९९९ मध्ये तो सिद्ध केला. पुढील वर्षी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने तो बाजारात आणला. त्यासाठी ब्रिटनमधील डेव्ह जॉन्स्टन या किशोरवयीन नकाशाकाराने प्रथम ‘डस्ट’ आणि त्यानंतर २००१ मध्ये ‘डस्ट २’ हे नकाशे रचले. ‘डस्ट २’ हे एक वाळवंटी गाव आहे. हल्लेखोरांचा गट तेथील दोन ठराविक स्थळांपैकी एका स्थळी बॉम्ब ठेवू पाहतो आणि दुसरा गट त्यास रोखतो. स्पर्धेत प्रत्येक गटात ५ खेळाडू असतात. एका स्थळाकडे एक लांब, उघडा रस्ता आणि एक आखूड वाट जाते. दुसऱ्या स्थळाकडे अंधारा बोगदा नेतो. आणि मधल्या गल्लीतून दोन्हीकडे वळता येते. रचना इतकी साधी आहे की नवख्या खेळाडूसही ती लवकरच पाठ होते.

या साधेपणामागे काटेकोर हिशेब असतो. हल्लेखोरांना पाचही माणसे एकाच स्थळावर लोटता येतात, तर रक्षकांना तेवढ्याच बळानिशी दोन स्थळे राखावी लागतात. या विषमतेची भरपाई नकाशाकार वेळेच्या रूपाने करतो. रक्षक मोक्याच्या जागी क्षणभर आधी पोहोचतील अशा बेताने तो दोन्ही गटांची आरंभस्थाने निश्चित करतो. या खेळात उभ्या खेळाडूची उंची ७२ एकके धरली असून हाती केवळ सुरी असताना तो सेकंदास २५० एकके धावतो. म्हणजे एखाद्या गटाची वाट ५०० एककांनी लांबविली की तो गट २ सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्या अवधीत प्रतिपक्ष आडोसा घेऊन नेम धरून बसतो. भिंत चार पावले मागे सरकविल्याने संपूर्ण खेळाचे पारडे झुकू शकते, ते असे.

वेळेइतकेच महत्त्व दृष्टीला आहे. लांब, सरळ रस्ता दुरून नेम धरणाऱ्यास अनुकूल असतो, तर वळणावळणाची गल्ली जवळून चाल करणाऱ्यास. म्हणून कुशल नकाशाकार दोन्ही प्रकारच्या जागा योजतो आणि मध्ये खोकी, कमानी वा अर्ध्या भिंती ठेवून दृष्टी कोठे अडावी हे ठरवितो. अरुंद जागेचे सामर्थ्य महाराष्ट्रास सांगावयास नको. १६६० साली मूठभर वीरांनी खिंड कशी रोखून धरली, हे येथील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. नकाशाकारालाही खिंडी लागतात. परंतु ज्या नकाशात खिंडीवाचून दुसरा मार्गच नाही, तेथे खेळ कोंडला जातो. म्हणून प्रत्येक खिंडीला वळसा घालणारी दुसरी वाट ठेवण्याची दक्षता घेतली जाते, आणि त्या वाटेने जाण्यास थोडा अधिक वेळ किंवा थोडा अधिक धोका अशी किंमतही लावली जाते. खेळाडूपुढे खरी निवड उभी राहते ती यामुळेच.

प्रत्यक्ष कामाची रीतही अनुकरणीय आहे. प्रथम कागदावर आराखडा काढतात. मग संगणकावर केवळ करड्या रंगाच्या साध्या ठोकळ्यांची वसाहत उभारतात. खेळाडूंना त्यात खेळवून कोण कोठे वारंवार बाद होतो आणि कोणत्या वाटेकडे कोणी फिरकतच नाही, याची नोंद घेतात. दोष आढळल्यास भिंती पाडतात, जिने हलवितात आणि पुन्हा खेळवितात. रंग, प्रकाश व सजावट या गोष्टी समतोल साधल्यावरच हाती घेतल्या जातात. कारण सजविलेली इमारत पाडण्यास हात धजत नाही. एवढे करूनही पूर्ण समानता साधत नाही. म्हणून स्पर्धेत ठराविक फेऱ्यांनंतर दोन्ही गट बाजू बदलतात. ‘डस्ट २’ फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रमुख स्पर्धांच्या यादीतून वगळण्यात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या रूपात सादर झाला. दर्शनी रूप पालटले, परंतु रस्त्यांची मूळ आखणी कायम राहिली. आखणीच्या गुणवत्तेची याहून बोलकी पावती कोणती असणार?

दोन गटांस समान न्याय देऊन नकाशाकाराचे कर्तव्य संपते काय? बहुतेक युद्धखेळांतील भूमी कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्रदेशाच्या रूपाने नटलेली असते आणि त्या प्रदेशात खरी माणसे राहतात. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ या २००९ च्या खेळात ब्राझीलमधील रिओ शहराच्या झोपडवस्तीवर बेतलेला ‘फवेला’ नावाचा नकाशा होता. त्यातील एका स्नानगृहात टांगलेल्या चित्राच्या चौकटीवर इस्लाम धर्मातील पवित्र वचन असल्याचे मुस्लिम खेळाडूंनी निदर्शनास आणले. तेव्हा ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने तो नकाशा तात्पुरता मागे घेतला. सजावटीसाठी उचललेली अक्षरे न वाचताच भिंतीवर लावली, की त्याचे परिणाम असे होतात.

त्याच सुमारास ग्रीसमध्ये याहून गंभीर प्रसंग घडला. चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह ही कंपनी ‘आर्मा ३’ या लष्करी खेळासाठी लेमनोस या ग्रीक बेटावर आधारित, सुमारे २७० चौरस किलोमीटरचा भव्य नकाशा तयार करीत होती. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीचे दोन कर्मचारी त्या बेटावर गेले असता, लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतल्यावरून हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांस अटक झाली. ते सुटीसाठी गेले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. जानेवारी २०१३ मध्ये जामिनावर त्यांची सुटका होईपर्यंत ४ महिन्यांहून अधिक काळ त्यांना तुरुंगात काढावा लागला. पुढे खेळातील बेटास ‘अल्टिस’ असे काल्पनिक नाव देण्यात आले.

याच खेळाने पुढे एक विधायक पाऊलही टाकले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सहकार्याने सप्टेंबर २०१७ मध्ये त्यास युद्धविषयक कायद्यांचा एक नवा भाग जोडण्यात आला. सुरुंग, उद्ध्वस्त गाव आणि मदतकार्य करणारे स्वयंसेवक यांच्या दृष्टीने तीच रणभूमी खेळाडूस पाहावयास मिळाली. जी जागा तोवर केवळ चढाईची होती, ती कोणाची तरी राहती जागा होती, ही जाणीव त्या नकाशाने करून दिली.

हा विषय आता दूरदेशीचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील खेळ म्हणून मान्यता दिली. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भविष्यकालीन भारतीय कल्पनाविश्वावर आधारलेला ‘इंडस’ हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. आपल्या मातीतील वास्तू, शिल्पे व अक्षरे अशा नकाशांत येऊ लागली, की ती जाणून घेऊन वापरण्याची जबाबदारीही आपल्याच तरुणांवर येणार.

अशा वेळी शिक्षकांनी मुलांना खेळात किती गडी बाद केले एवढेच विचारून थांबू नये. या गावात दुसरी वाट कोठे आहे, ती कोणाच्या सोयीची आहे, आणि लढाई नसताना येथे कोण राहत असेल, हेही विचारावे. प्रमाण, अंतर आणि दिशा यांचा पाठ त्यातून सहज होईल. त्याबरोबरच, जागा आखणारा माणूस तेथे वावरणाऱ्या सर्वांना उत्तरदायी असतो, हे ज्या मुलाला कळेल, ते उद्या ग्रामपंचायतीत बसून खराखुरा रस्ता आखतानाही विसरणार नाही.