घर घेताना एजंटशी बोलणी



आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. कर्जाला येणारा प्रत्येक जण सांगतो, "साहेब, एजंट आपलाच आहे." असेलही, पण त्याची दलाली किमतीच्या टक्क्यावर असते, मग किंमत उतरवण्याची घाई त्याला का असावी? 2014 साली आम्ही घर घेताना नेमके हेच विसरलो. कर्ज किती मंजूर झाले ते त्याला सांगून बसलो, आणि घरमालक त्या आकड्याखाली उतरेचना! "आणखी दोन गिऱ्हाईके आहेत, आजच टोकन द्या," असा तगादा सुरू झाला. सौभाग्यवतींनी पर्स उघडली नाही म्हणून बरे. कर्ज नामंजूर झाल्यास वा कागदपत्रांत दोष निघाल्यास इसार परत, असे पावतीवर लिहून घेतले, मगच पैसे दिले.

नव्या इमारतीत 2016 च्या रेरा कायद्याचा आधार आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

दलाली मात्र पहिल्या भेटीतच कागदावर आणा. आमची एक टक्का तोंडी ठरली होती, नोंदणीच्या दिवशी दोन मागितली. आम्ही एकच दिली. किल्लीसाठी मात्र संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले.